मेलिसा : शुक्रवार ते सोमवार

वर्डमधला मॅक्रो म्हणजे आपल्या वतीनं दस्तऐवजात हात घालणारा छोटा प्रोग्राम. शेकडो पानांतल्या दुहेरी स्पेस काढणं, मथळ्यांना एकसारखी शैली लावणं, जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणं, अशी दिवसभराची कामं तो चुटकीसरशी उरकतो. पण तो चालतो फाइल उघडणाऱ्याच्या अधिकारानं. हा अधिकार परक्याच्या हाती पडला की काय होतं, ते मार्च १९९९च्या अखेरीस ‘मेलिसा’ नावाच्या मॅक्रो व्हायरसमुळे जगानं पाहिलं. पुढच्या वेळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आहेत. भारतातलं घड्याळ तेव्हा साडेदहा तास पुढे होतं.

१९९५ ते १९९७ : आधीची तयारी
१९९५मध्ये ‘कॉन्सेप्ट’ नावाचा व्हायरस वर्डच्या फाइलींमधून पसरला. नुसत्या लेखी दस्तऐवजातूनही लागण होऊ शकते, हे तेव्हाच कळून चुकलं होतं. ऑफिस ९७पासून वर्डचे मॅक्रो व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्समध्ये लिहिले जाऊ लागले. त्यामुळे वर्डमधल्या कोडला आउटलुक हा मेलचा प्रोग्राम थेट चालवणं सोपं झालं. सोय मोठी होती, पण फाइल कोणाची आणि हुकूम कोणाचा, याची चौकशी कुठेच होत नव्हती.

शुक्रवार, २६ मार्च १९९९, सकाळ
प्रौढ विषयांच्या एका न्यूजग्रुपवर ‘लिस्ट.डॉक’ नावाची फाइल पडते. ८० अश्लील संकेतस्थळांचे पासवर्ड त्यात आहेत, असं आमिष. टाकणाऱ्यानं दुसऱ्याचं चोरलेलं एओएल खातं वापरलेलं असतं.

पहिली क्लिक आणि पुढचे काही सेकंद
फाइलमध्ये मॅक्रो आहेत, चालू द्यायचे का, असं वर्ड ९७ विचारतं. घाईत माणूस ‘हो’ म्हणतो. फाइल उघडताच आपोआप चालणारा कोड जागा होतो आणि आधी तो इशाराच बंद करतो. मग रजिस्ट्रीतली स्वतःची खूण शोधतो : या संगणकावरून टपाल गेलंय का? नसेल तर आउटलुक उघडून प्रत्येक ॲड्रेस बुकातले पहिले ५० पत्ते उचलतो आणि उघडी असलेली फाइल जोडून सगळ्यांना मेल धाडतो. विषयाच्या ओळीत पाठवणाऱ्याचं खरं नाव आणि निरोप महत्त्वाचा असल्याची बतावणी. आत मजकूर असा, की तुम्ही मागितलेला कागद सोबत आहे, तो इतर कुणाला दाखवू नका. शेवटी तो वर्डच्या ‘नॉर्मल’ टेम्प्लेटमध्ये स्वतःला लिहून ठेवतो, म्हणजे यापुढे बंद होणाऱ्या फाइलींनाही लागण.

त्या ५० पत्त्यांत एखादी टपालयादी असली, तर एका पत्त्याआड शेकडो माणसं असतात.

शुक्रवार, दुपारी २
पिट्सबर्गमधल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ‘सर्ट’ या संगणक-सुरक्षा समन्वय केंद्राकडे तक्रारी येऊ लागतात. मुंबईत शनिवार लागून अर्धा तास झालेला असतो. अमेरिकेतली कार्यालयं सोमवारी सकाळी नऊला उघडायला आता ६७ तास उरलेत.

शुक्रवार, दुपारनंतर
मेल सर्व्हरच्या नाकातोंडात पाणी जाऊ लागतं. एका ठिकाणी ४५ मिनिटांत ३२,००० प्रती येऊन धडकल्या, म्हणजे सेकंदाला जवळपास बारा. वर्ड बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टलाच बाहेर जाणारं टपाल थांबवावं लागलं.

कुठल्याही तासाचं २६वं मिनिट
घड्याळातलं मिनिट आणि महिन्याची तारीख जुळली असताना लागण झालेली फाइल उघडली वा बंद केली, की मॅक्रो कर्सरपाशी ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेतला स्क्रॅबलच्या खेळावरचा संवाद टंकतो. करार असो वा अहवाल, मालकाच्या कागदात परक्याची वाक्यं. त्याहून गंभीर धोका वेगळाच होता. लागण झालेली पगारपत्रकाची फाइल सहकाऱ्यानं स्वतःच्या संगणकावर उघडली, की त्याच्या पहिल्या ५० पत्त्यांकडे ते पगारपत्रकच रवाना होई.

शनिवार, २७ मार्च
सर्टची सविस्तर सूचना निघते. मेलच्या विषयाची ठरलेली ओळ ओळखून ती पत्रं सर्व्हरवरच अडवा, मॅक्रो बंद ठेवा. अँटिव्हायरस कंपन्या नवी ओळखचिन्हं पुरवतात. आता शर्यत सोमवारशी.

सोमवार, २९ मार्च
लाखाहून अधिक संगणक बाधित, तीनशेहून अधिक संस्थांकडून तक्रारी. शनिवार-रविवारची उसंत मिळाली नसती, तर हा आकडा कुठे गेला असता, याची कल्पनाच करवत नाही.

पुढे
१ एप्रिलला न्यू जर्सीत मेलिसा लिहिणाऱ्या डेव्हिड स्मिथला अटक झाली. डिसेंबरात त्यानं गुन्हा आणि ८ कोटी डॉलरहून अधिक नुकसान कबूल केलं. मे २००२मध्ये २० महिने कैद आणि ५,००० डॉलर दंड झाला.

या सगळ्यात कुठलं कुलूप फोडलं गेलं नव्हतं, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पत्ते वाचणं, मेल पाठवणं, टेम्प्लेट बदलणं, इशारा बंद करणं, ही सगळी वर्डनं मॅक्रोला दिलेली रीतसर कामं होती. न वाचता मॅक्रो चालू करणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणं. ऑफिस २००७पासून साध्या .डॉकएक्स फाइलीत मॅक्रो राहत नाहीत, त्यांच्यासाठी .डॉकएम वेगळी. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवायला मात्र २०२२ उजाडलं. धोका १९९५पासून माहीत होता, म्हणून हा उशीर अक्षम्य आहे.

मॅक्रो टाकून द्या, असं कुणी म्हणू नये. संपादक, टंकलेखक, कारकून यांचे कित्येक तास तो वाचवतो, आणि स्वतःचा छोटा मॅक्रो लिहिता येणं हे शाळा-महाविद्यालयांत शिकवण्याजोगं कौशल्य आहे. ते ज्याला येतं, त्याला दुसऱ्याचा कोडही उघडून वाचता येतो. तोवर एवढं तरी पाळावं : मूळ फाइलीची प्रत काढल्याशिवाय मॅक्रो चालवू नये, आणि ओळखीच्या नावानं मॅक्रो असलेली फाइल आली, तर परवानगीचं बटण दाबण्याआधी त्या माणसाला फोन करून विचारावं. त्या शुक्रवारी हा एक फोन पुष्कळांना वाचवू शकला असता.