कलती करून मारलेली किक

दसऱ्याच्या सकाळी घरातील वाहनांची पूजा करण्याची आमची जुनी रीत आहे. यंदा वडिलांच्या स्कूटरला झेंडूची माळ घालीत असता पत्नी म्हणाली, "पुढच्या वर्षी हिची पूजा करायची की भंगारवाल्याला द्यायची, ते एकदाचे ठरवा." प्रश्न रास्त होता. चार पावसाळे ती जिन्याखाली पडून होती. मी किक मारली. एकदा, दहादा, वीसदा. मला घाम फुटला, पण इंजिन साधे खोकलेही नाही.

शेवटी गल्लीच्या टोकाचे म्हातारे मिस्त्री आले. "साहेब, उगाच पाय कशाला मोडता? आधी तिला काय हवे ते तरी बघा," असे म्हणून त्यांनी पान्याने प्लग काढला. त्यांचा क्रम ठरलेला : पेट्रोल, ठिणगी, दाब. प्लग ओला असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. आमचा प्लग कोरडा ठणठणीत होता. तो वायरीच्या टोपणात बसवून, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून त्यांनी किक मारली; निळी ठिणगी उडाली. प्लगच्या भोकावर अंगठा धरून पुन्हा मारली. अंगठा बाहेर ढकलला गेला. म्हणजे ठिणगी आहे, दाब आहे; दोष कार्ब्युरेटरचा. खरे तर दोष माझाच. पेट्रोलचा नळ मी चालूच ठेवला होता. पेट्रोल उडून गेले, त्यात मिसळलेल्या तेलाचा चिकटा मागे राहिला आणि त्याने बारीक जेट बुजला.

मिस्त्री जेट साफ करीत बसले आणि माझे मन इटलीत गेले. पोंतेदेरा येथील पिआज्जोचा विमानांचा कारखाना दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झाला. शांतता आली तेव्हा विमाने कोणाला विकायची? लोकांना स्वस्त वाहन हवे होते. एन्रिको पिआज्जोने ते काम कोर्रादिनो दास्कानियो या हेलिकॉप्टर घडविणाऱ्या अभियंत्याकडे दिले. या गृहस्थाला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. कपड्यांना वंगण लावणारी साखळी त्याने काढूनच टाकली, गिअर हातात दिला, इंजिन पत्र्याखाली झाकले आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले. २३ एप्रिल १९४६ रोजी तिच्या पेटंटचा अर्ज झाला. तिला नाव मिळाले 'वेस्पा', म्हणजे गांधीलमाशी. पाठोपाठ १९४७ साली मिलानच्या इनोसेंतीची लँब्रेटा आली.

या दोघी बहिणी आपल्याकडे आल्या त्या महाराष्ट्राच्याच दारी. लँब्रेटा मुंबईत भांडुपला जोडली जाऊ लागली. वेस्पा पिआज्जोच्या परवान्याने पुण्याजवळ आकुर्डीला बजाजने १९६१ पासून बनविली. तो परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' रस्त्यावर आली.

मात्र तो जमाना परवान्यांचा होता. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवी. मागणी अफाट आणि पुरवठा मोजका, म्हणून गिऱ्हाइकाला आठ-आठ, दहा-दहा वर्षे वाट पाहावी लागे. वडिलांनी नाव नोंदविले तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. स्कूटर दारात उभी राहिली तेव्हा मी बाराखडी गिरवीत होतो.

सुरू न होणारी स्कूटर एका अंगाला कलती करून मग किक मारायची, ही विद्या त्या काळी घरोघरी असे. कलती केली की कार्ब्युरेटरमधला तरंगता फ्लोट जागचा हलतो, पेट्रोल थोडे जादा उतरते आणि थंड इंजिनाला तेवढे पुरते. आज आपण या गोष्टी कौतुकाने आठवतो आणि जुन्या माणसांच्या चिकाटीचे गोडवे गातो. मला मात्र वाटते, ती चिकाटी निम्मी सक्तीची होती. ज्याला दुसरी मिळायची नाही, तो आहे तिचीच नाडी ओळखायला शिकतो. मिस्त्रींची विद्या खरी, पण तिची आई टंचाई होती.

टंचाई ओसरली तशी विद्याही ओसरली. १९८४ मध्ये बटन दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, १९८५ मध्ये हीरो होंडाची चार स्ट्रोकची मोटारसायकल. १९९१ नंतर तर बाजारच मोकळा झाला. २००९ साली बजाजने स्कूटर बनविणे थांबविण्याचे जाहीर केले. २०२० मध्ये चेतक हे नाव परतले ते विजेच्या गाडीवर. तिला प्लग नाही, जेट नाही, किकही नाही.

"आता हे काम शिकायला कोणी येते का?" मी विचारले.

"शिकून करील काय, साहेब?" मिस्त्री हसून म्हणाले. "चला, कलती करा."

मी कलती केली. तिसऱ्या किकेला ती फटफटली आणि निळसर धुराने अंगण भरले. मुलगी खोकत आत पळाली. तिचेही बरोबर होते. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते आणि काही पेट्रोल न जळताच धुरासंगे बाहेर पडते. अशी गाडी रोज रस्त्यावर आणावी, असे मी म्हणणार नाही.

"आता नळ बंद करा आणि तिला आपणहून थांबू द्या," मिस्त्री म्हणाले. "म्हणजे आत काही साचणार नाही."

मी नळ बंद केला. मिनिट-दोन मिनिटे ती चालली, मग मंदावली आणि थांबली. पत्नी दारातच उभी होती. मी तिला सांगितले, पुढच्या दसऱ्यालाही हिच्यासाठी माळ आणायची. आणि त्याआधी महिन्यातून एकदा मला नळ उघडायचा आहे.