भेटीची वेळ : रविवारी दुपारी दोन ते चार

मूल ॲडमिट करायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "रात्री कोण थांबणार?" आई थांबते, नाहीतर आजी. कॉटशेजारी चटई पसरली जाते. यात विशेष काय, असं तुम्हाला वाटेल. पण इंग्लंडमध्ये पंच्याहत्तर वर्षांपूर्वी बहुतेक रुग्णालयांत याला सक्त मनाई होती.

१९४९ सालच्या लंडनमधल्या भेटीच्या वेळा पाहा. गाइज हॉस्पिटलमध्ये रविवारी दुपारी दोन ते चार. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाहीच. संध्याकाळी सात ते आठ या वेळेत झोपलेलं मूल फक्त बघता येई.

या नर्स दुष्ट होत्या असं समजू नका. पेनिसिलीन नुकतंच आलं होतं. घटसर्प, गोवर बाहेरून वॉर्डात शिरला तर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं होतं. दुसरं कारण मात्र फसवं होतं. आई भेटून गेली की मूल आकांत करायचं. आलीच नाही तर दोन-चार दिवसांत गप्प व्हायचं. मग सगळे म्हणायचे, "रुळलं."

ते खरंच रुळलं का, हा प्रश्न जेम्स रॉबर्टसन यांनी विचारला. हे डॉक्टर नव्हते. युद्धकाळात ॲना फ्रॉइड यांच्या लंडनमधल्या पाळणाघरात ते बॉयलर सांभाळत. तिथे प्रत्येक कर्मचाऱ्याने मुलांच्या वागण्याची टिपणं लिहायची, असा नियम होता, बॉयलरवाल्यानेही. पुढे जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करताना रॉबर्टसन वॉर्डात बसून मुलं न्याहाळू लागले. त्यांना तीन टप्पे दिसले : आधी रडून-ओरडून निषेध, मग निराशा, शेवटी अलिप्तपणा. तिसऱ्या टप्प्यातलं मूल हसतं, खेळतं, कोणाच्याही कडेवर जातं. आई आली तर तिच्याकडे फारसं बघत नाही. यालाच 'रुळलं' म्हणत होते!

तोंडी सांगून कोणी ऐकेना, तेव्हा त्यांनी कॅमेरा घेतला. लॉरा ही अडीच वर्षांची मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस रुग्णालयात होती. ती फार रडत नाही. चेहरा आवरून धरते, टेडीला बिलगते, मध्येच आईला विचारते. घरी जाताना आपल्या वस्तू गोळा करते, पण आईचा हात धरत नाही. १९५२ मध्ये हा चित्रपट लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवला तेव्हा डॉक्टर आणि नर्स चिडले. चित्रपट खोटा आहे, आमच्या वॉर्डात असं होत नाही, असं म्हणाले. (आम्हा डॉक्टरांची ही सवय जुनीच.)

खरं तर उत्तर न्यूकॅसलमध्ये आधीच सापडलं होतं. तिथे डॉ. जेम्स स्पेन्स १९२० च्या दशकापासून आईलाही बाळासोबत ठेवून घेत, आणि बाळाची शुश्रूषा तीच करी. १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या सरकारी समितीने भेटीच्या वेळेचं बंधन काढा, लहान मुलांच्या आयांची राहण्याची सोय करा, अशी शिफारस केली. तरी रुग्णालयं ढिम्म होती. १९६१ मध्ये काही आयांनीच संघटना काढली, तेव्हा कुठे दारं हळूहळू उघडू लागली.

आपल्याकडेही आयसीयूत मूल गेलं की आईबाबा बाहेरच्या बाकावर बसतात. संसर्गाची काळजी तिथे खरीच आहे. तरीही विचारा : "हात धुऊन, गाऊन घालून थोडा वेळ आत बसू का?" पुष्कळ ठिकाणी बसू देतात. त्याचं नेहमीचं पांघरूण किंवा खेळणं आत नेता येईल का, तेही विचारा. भरवणं, लंगोट बदलणं, अंग पुसणं शक्य असेल तर सिस्टरना विचारून तुम्हीच करा. सुई टोचताना मूल मांडीवर धरू द्याल का, हेही विचारून बघा.

घरी जायचं असेल तर डोळा चुकवून पळू नका. "मी आता जाते, तुझं जेवण झालं की येते," असं सांगा आणि त्या वेळेला या. ते रडेल. रडू द्या. राउंडला मला गप्प पडून राहिलेलं मूल दिसलं, की मी सिस्टरना आधी विचारतो, याची आई कुठे आहे?