फर्दापूर : एका वेशीवरचे दोन रुपये

१/ परदेशी सहलीला निघालेला प्रवासी आज आधी विचारतो : तिथे कार्ड चालेल की रोख लागेल? शंभर वर्षांपूर्वी मुंबईहून अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेल्यालाही असाच प्रश्न पडे. लेणी निजामाच्या राज्यात होती आणि त्या राज्याचा रुपया वेगळा होता.

२/ फर्दापूर हे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसलेले हैदराबाद संस्थानाचे सीमेवरील गाव. त्याच्या उत्तरेस ब्रिटिशांचा खानदेश. मुंबईकडचा प्रवासी जळगावला आगगाडीतून उतरे आणि पन्नासहून अधिक किलोमीटरचा रस्ता कापून फर्दापूरच्या बंगल्यात मुक्काम करी. हद्द ओलांडली तरी भाषा मराठीच राही. बदले ते नाणे.

३/ ब्रिटिश रुपयाला संस्थानात ‘कलदार’ म्हणत, म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. निजामाचा तो ‘हाली शिक्का’. ‘हाली’ म्हणजे सध्याचा, चालू. विसाव्या शतकाच्या आरंभी हाली रुपयाही यंत्रावर पडू लागला आणि त्यावर चारमिनार आला. कलदार हे नाव मात्र ब्रिटिश रुपयालाच चिकटून राहिले.

४/ दोहोंची किंमत सारखी नव्हती. पुढे स्थिरावलेला अधिकृत दर होता ७ हाली = ६ कलदार. म्हणजे १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली.

५/ हा दर हवेतून आलेला नव्हता. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात ८१.८ टक्के. शुद्ध चांदी अनुक्रमे सुमारे १०.७ आणि ९.१ ग्रॅम. भागाकार केला तर उत्तर सहा-सप्तमांशाच्या अगदी जवळ येते.

६/ म्हणून ‘सात रुपये’ एवढेच सांगून भागत नसे. कोणते सात, हे विचारावे लागे. हालीतला भाव कलदारात चुकवणारा बेसावध प्रवासी सातामागे एक रुपया जास्त देऊन बसे. नाणी बदलून घ्यायची तर सराफाचा बट्टा वेगळा.

७/ १९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आल्या. नंदलाल बोस, असितकुमार हलदार हे तरुण चित्रकार त्यांच्या सोबतीला होते. अशा पाहुण्यांना संस्थानाची मदत मिळे. सीमेवरच्या शेतकऱ्याला तसा आधार नव्हता. त्याने माल खानदेशच्या बाजारात विकला तर हाती कलदार येई, आणि सरकारी सारा मात्र हालीत भरायचा. प्रवाशाला बट्टा सहलीपुरता; त्याला तो दर हंगामी.

८/ पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये हैदराबादने स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. राज्यकारभाराची भाषा उर्दू. पण नोटेवर किमतीचे शब्द मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही छापलेले असत. ज्या राज्यात मराठी माणसाला कचेरीत उर्दूशी झगडावे लागे, तिथे त्याची भाषा खिशातल्या नोटेवर तरी होती.

९/ या चलनाचा कारभार पाहण्यासाठी १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. हाली शिक्का मात्र एका दिवसात संपला नाही. भारतीय रुपयासोबत तो आणखी काही वर्षे चालत राहिला. राज्य विलीन करणे सैन्याला काही दिवसांत जमले. लोकांच्या गाठीला बांधलेला पैसा विलीन व्हायला त्याहून बराच वेळ लागला.

१०/ फर्दापूर आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यात आहे आणि जळगाव जिल्ह्याची हद्द अजूनही जवळच आहे. ती ओलांडताना आता ‘कोणता रुपया?’ असे कोणी विचारत नाही. अजिंठ्याच्या वाटेवरची ही सोय तशी अलीकडचीच.