ग्राफिक्स कार्डातला शिल्लक वेग : ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास आणि अस्थिरतेचं निदान

आजचा विषय आहे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा चिप जास्त वेगाने पळवणं. हा तर पोरांचा छंद, याचा इतिहास तो काय, असं कुणालाही वाटेल. पण गेम खेळताना पडदा अचानक काळा होतो, आपण विंडोज पुन्हा टाकतो, गेम काढून पुन्हा उतरवतो, आणि दोन दिवसांनी परत तेच. अशा वेळी शोध कुठून सुरू करायचा, हे या इतिहासातूनच कळतं. म्हणून आज एकच धागा धरू : चिपमध्ये शिल्लक ठेवलेला वेग नक्की कुणाचा?

आधी ही शिल्लक म्हणजे काय ते पाहू. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चिपा अगदी सारख्या नसतात. एखादी कमी व्होल्टेजवर भरभर चालते, दुसरी अडखळते. खोक्यावर मात्र सगळ्यांसाठी एकच आकडा छापायचा असतो. मग कंपनी कमकुवत चिप, तापलेली खोली, वर्षानुवर्षांचा वापर हे सगळं गृहीत धरून आकडा थोडा खालचा ठेवते. चांगली चिप वाट्याला आली, तर तेवढा वेग न वापरता पडून राहतो.

हा पडून राहिलेला वेग लोकांनी फार लवकर हेरला. १९८४ साली आयबीएमचा पीसी एटी बाजारात आला, तेव्हा त्याचा वेग ६ मेगाहर्ट्झ होता. हौशी मंडळींनी मदरबोर्डवरचा क्रिस्टल बदलला आणि मशीन ८ मेगाहर्ट्झवर चालू लागलं. मग आयबीएमने नंतरच्या बायोसमध्ये वेग तपासायची व्यवस्था घातली. मालकीचा झगडा सुरू झाला तो असा. पुढे १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा गुणक साडेचारचा. बस ६६ मेगाहर्ट्झची असेल तर वेग ३००. तीच १०० वर नेली की ४५०. स्वस्तातला प्रोसेसर महागड्या पेंटियम २ च्या पंक्तीला जाऊन बसला.

ग्राफिक्स कार्डाकडे ही हवा यायला वेळ लागला नाही. १९९९ मध्ये एन्व्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं. त्याची चिप १२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२ कोटी ठोक्यांवर चालायची. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'कूलबिट्स' नावाची नोंद घातली, की ड्रायव्हरमध्ये दडवलेली वेगाची पट्टी समोर यायची. रिव्हाट्यूनरसारखे प्रोग्रॅम आले आणि जुन्या जंपर-क्रिस्टलची खटपट माउसवर आली.

पण शिल्लक सगळीकडे नसते, हा धडाही याच काळातला. २००२ मध्ये एटीआयचं रेडिऑन ९५०० आलं. त्यात ९७०० चीच चिप होती, फक्त आठपैकी चार पाइपलाइन बंद केलेल्या. लोकांनी सॉफ्टवेअरने त्या उघडल्या. काहींना मोठं कार्ड फुकटात मिळालं. काहींच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटले. त्यांच्या बंद पाइपलाइन खरोखरच सदोष होत्या! बाहेरून दोन्ही कार्डं सारखीच.

आता अस्थिरता दिसते कशी, तेही काळाबरोबर बदललं. आधी पडद्यावर ठिपके, फाटलेले त्रिकोण दिसायचे किंवा मशीन गोठायचं. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं. ग्राफिक्स चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ड्रायव्हर पुन्हा सुरू करायची सोय त्यात होती. त्यामुळे पडदा क्षणभर काळा होऊन परत यायला लागला, आणि लोक ड्रायव्हरला दोष देऊ लागले. २००८ मध्ये रेडिऑन ४८७० बरोबर जीडीडीआर५ मेमरी आली. ती वाहतुकीतली चूक ओळखते आणि माहिती पुन्हा पाठवायला लावते. म्हणजे वेग वाढवतोय आपण, आणि फ्रेम मात्र कमी होतायत. पडद्यावर एक ठिपका नाही.

इकडे कंपन्यांनाही शिल्लक खुणावू लागली होतीच. २००० साली इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ विक्रीला आणला. परीक्षकांकडे त्यावर लिनक्सचं कर्नल कंपाइल होईना, आणि महिनाभरातच तो परत घ्यावा लागला. ग्राफिक्समध्ये वळण आलं ते मार्च २०१२ मध्ये, जीटीएक्स ६८० बरोबर. त्याचा मूळ वेग १००६ मेगाहर्ट्झ, पण वीज आणि तापमान परवडेल तसा तो आपणहून वर चढायचा. जी शिल्लक आपण शोधत होतो, ती चिप स्वतःच वापरू लागली.

याची किंमत सप्टेंबर २०२० मध्ये दिसली. आरटीएक्स ३०८० वर लिहिलेला बूस्ट वेग १७१० मेगाहर्ट्झ. प्रत्यक्षात काही कार्डं २००० च्या आसपास जायची आणि गेम कोसळायचा. कुणी काही फिरवलेलं नसताना! आधी संशय चिपमागच्या कपॅसिटरांवर गेला. मग महिनाअखेरीस नवा ड्रायव्हर आला आणि बऱ्याच जणांचं कोसळणं थांबलं. तपासणाऱ्यांना शिखरावरचा वेग किंचित उतरलेला आढळला.

या सगळ्यातून निदानाची पद्धत आपोआप हाती येते. पहिली पायरी, स्वतः वाढवलेलं सगळं काढून मूळ वेगावर या. तरीही कोसळतंय? मग मूळ वेगाच्याही ५०-१०० मेगाहर्ट्झ खाली जाऊन पाहा. तिथे स्थिर झालं, तर कार्ड काठावर चालतंय. वॉरंटी असेल तर दुकान गाठा, विंडोज पुन्हा टाकण्यात दिवस घालवू नका. दुसरी, एका वेळी एकच गोष्ट हलवा : आधी चिप, मग मेमरी. मेमरी वाढवताना ठिपके मोजू नका, फ्रेम मोजा. तिसरी, व्होल्टेजला जपून हात लावा. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० टक्के व्होल्टेज वाढवलं की त्याच वेगाला खप साधारण २१ टक्क्यांनी वाढतो. तेवढी उष्णता पंख्याने बाहेर टाकायची असते आणि तेवढी वीज पॉवर सप्लायने पुरवायची असते, म्हणून या दोघांनाही संशयितांच्या यादीत धरा. चौथी, ऋतू लक्षात ठेवा. डिसेंबरात नागपुरात बसवलेलं गणित मे महिन्यात टिकेलच असं नाही. आणि पाचवी, एका चाचणीवर विसंबू नका. सतत जोराचा भार देणाऱ्या चाचणीत चिप वीज वाचवायला वेग खाली आणते आणि पास होते. हलक्या गेममध्ये तीच वर उडी मारते आणि पडते. तीन-चार वेगवेगळे गेम तासभर चालवून पाहिल्याशिवाय 'स्थिर' म्हणू नये.

तर शिल्लक वेग कुणाचा? चाळीस वर्षांपूर्वी तो ज्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर त्याचा होता. आज त्याचा बहुतेक भाग कारखान्यातच खर्च होतो. म्हणून आजचे बरेच हौशी लोक उलट्या वाटेने जातात : वेग तेवढाच ठेवून व्होल्टेज कमी करतात, कार्ड थंड आणि शांत ठेवतात. आणि मंडळी, ज्याने कधी ओव्हरक्लॉक हा शब्दही ऐकलेला नाही, त्याचं कार्डसुद्धा आज काठावर असू शकतं. त्याला 'तूच काहीतरी केलं असशील' असं म्हणण्याआधी वेग जरा खाली आणून बघावा.

इथेच थांबू. प्रश्न असतील तर आता घेऊ.