ओढ्याची नाडीपरीक्षा

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. परंतु मूळ न शोधतांहि नदीच्या प्रकृतीची चौकशी करणें अवश्य आहे; आणि ती करावयाची तर प्रथम तिला मिळणाऱ्या लहान ओढ्यांकडे गेलें पाहिजे. मोठी नदी पुष्कळ घाण पोटांत घालूं शकते. ओढ्याला तेवढें बळ नसतें. एखाद्या कारखान्याचें सांडपाणी त्यांत सोडलें, कीं त्यांतील जीवसृष्टि नाहींशी होते. आणि पाणी पूर्ववत् खळखळत असल्यामुळें काठावरून पाहणाराला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. मग ओढा जिवंत आहे कीं मेला, हें ठरवावें कशावरून? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या प्रश्नाचें उत्तर कसकसें मिळत गेलें, तो इतिहास ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

पहिलें उत्तर रसायनशास्त्राचें. सांडपाण्याचा विचार करण्याकरितां इंग्लंडांत १८९८ सालीं एक रॉयल कमिशन बसलें. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालानें असा दंडक घातला, कीं नदींत सोडावयाच्या पाण्याच्या दर लाख भागांत तरंगता गाळ तीन भागांहून अधिक नसावा व त्या पाण्यानें पांच दिवसांत दोन भागांहून अधिक प्राणवायु शोषून घेऊं नये. हा दंडक पुढें जगभर मार्गदर्शक ठरला, व तो योग्यहि होता. परंतु बाटलींत भरलेलें पाणी ज्या क्षणीं भरलें त्या क्षणाचीच साक्ष देतें. रात्रीं सोडलेलें विष सकाळच्या बाटलींत सांपडेलच असें नाहीं. त्या रात्रीचा अनुभव ज्यांना आला, त्या पाण्यांतील रहिवाशांनाच तो विचारला पाहिजे.

तो विचारण्याची पद्धति जर्मनींत निघाली. कोल्कविट्झ व मार्सोन या दोघां शास्त्रज्ञांनीं १९०८ व १९०९ सालीं अनुक्रमें वनस्पति व प्राणी यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. कोणता जीव अतिमलिन पाण्यांत राहतो, कोणता मध्यम मलिन पाण्यांत व कोणता निर्मळ पाण्यांत, याची ही प्रतवारी होती. तांबड्या बारीक किड्यांचे पुंजके दिसले कीं घाण जाणावी. वेगवान थंड पाण्यांत दगडाला चिकटून राहणारीं कांहीं कीटकांचीं पिल्लें दिसलीं कीं पाणी निर्मळ समजावें. ही पद्धति उपयुक्त खरी. परंतु तींत एकेकट्या साक्षीदारावर भिस्त फार. तांबडा किडा निर्मळ ओढ्याच्या एखाद्या गाळाच्या कोपऱ्यांतहि थोडाबहुत सांपडतोच. तेवढ्यावरून सगळ्या ओढ्याला दोषी कसें ठरवावें?

ही अडचण दूर करण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेंत एका विदुषीनें केला. रूथ पॅट्रिक यांचा जन्म १९०७ चा. डायटम म्हणजे कांचेसारखें कवच असलेलें सूक्ष्म शेवाळ. हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. फिलाडेल्फियाच्या नैसर्गिक शास्त्रांच्या अकादमींत त्यांनीं आरंभींचीं कित्येक वर्षें बिनवेतन काम केलें. १९४८ सालीं त्यांनीं निरनिराळ्या शास्त्रांतील जाणकारांचा मेळा बरोबर घेऊन पेन्सिल्व्हानिया संस्थानांतील लँकेस्टर जिल्ह्याचें कॉनेस्टोगा खोरें तपासावयास घेतलें. निर्मळ ओढे, गांवचा मैला वाहणारे ओढे व कारखान्यांच्या सांडपाण्यानें नासलेले ओढे हे सर्व त्या एकाच खोऱ्यांत असल्यामुळें तुलनेस तें फार सोयीचें होतें.

बाईंचा विचार मूलगामी होता. अमुक एक जीव आहे काय, असें न विचारतां एकंदर किती जातींचे जीव नांदतात, असें त्यांनीं विचारलें. आपल्याकडील जुन्या गांवाची उपमा घेतली तर हें चटकन् समजेल. ज्या गांवांत बाराहि बलुतेदार आपापलें काम करीत आहेत, तें गांव नांदतें. सुतार, लोहार, कुंभार परागंदा झाले व एकाच धंद्याचीं शेंकडों माणसें उरलीं, तर डोकीं तेवढींच भरलीं तरी गांव मोडलें असेंच आपण म्हणूं. पॅट्रिकबाईंनीं ओढ्यांतील जीवांचे सात गट पाडले व निर्मळ ओढ्यांत प्रत्येक गटाच्या जाती सरासरीनें किती असतात तें प्रमाण धरलें. डायटम वगैरे शेवाळें, कीटक व कवचधारी प्राणी, आणि मासे या तीन गटांच्या जाती त्या प्रमाणाच्या निम्म्याहून अधिक भरल्या, तर ओढा निरोगी. कीटक किंवा मासे अजीबात नाहींसे होऊन जळवा, किडे व घाणींत वाढणारें शेवाळ यांचीच चलती असली, तर तो दूषित.

या पद्धतीला खर्च फार व जाणकारहि पुष्कळ लागत, हा तिचा दोष. म्हणूनच पुढें इंग्लंडांत वुडिविस यांनीं १९६४ सालीं ट्रेंट नदीच्या खोऱ्याकरितां केवळ तळांतील कीटकादि प्राण्यांवरून, व अमेरिकेंत जेम्स कार यांनीं १९८१ सालीं केवळ माशांवरून गुण देण्याच्या सोप्या रीति काढल्या. परंतु एका साक्षीदारावर न विसंबतां सगळा समाज पाहावा, हें तत्त्व त्यांतहि कायम राहिलें.

आपणांस यांतून घ्यावयाचें तें हें, कीं निरोगी स्थितीची नोंद आधीं असल्याखेरीज रोगाचें निदान होत नाहीं. पुण्याच्या माशांची फ्रेझर यांनीं केलेली यादी १९४२ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत छापली गेली. म्हणूनच पुढील संशोधकांना मुळा-मुठांतून कोणते मासे दिसेनासे झाले हें पडताळून पाहतां आलें. ज्या शेंकडों ओढ्यांची अशी एकहि यादी कोणीं केली नाहीं, त्यांचें काय गेलें हें सांगावयास कोणी उरलेलें नाहीं. पाण्याची बाटली उद्यांहि भरतां येईल. नाहींशा झालेल्या जीवांची मोजदाद मात्र मागाहून करतां येत नाहीं.