थ्री-वन-फाइव्ह की टू-टू?

बंगळुरूच्या या पोस्टिंगमध्ये माझी पीण्या औद्योगिक क्षेत्रात बरीच ये-जा असते. मेट्रोच्या हिरव्या लाइनवर 'पीण्या इंडस्ट्री'ला उतरलं की सगळीकडे शेड, टेम्पो आणि कापलेल्या लोखंडाचा वास. अशाच एका लेथच्या शेडमध्ये मालक निपाणीकडचे निघाले. माझं मराठी ऐकून त्यांनी चहा मागवला आणि चहाबरोबर प्रश्न टाकला.

"साहेब, वडील गेले. त्यांची थ्री-वन-फाइव्ह रायफल आहे. परवाना माझ्या नावावर करून घेऊ की जमा करू? आणि पोरगी नेमबाजी शिकायची म्हणते. याच रायफलीवर शिकेल का?"

उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि आपल्यातल्या अनेक माजी सैनिकांच्या घरी हाच प्रश्न कपाटात पडून असतो. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माप. लेथवाल्याला हे समजावणं सोपं. .३०३ म्हणजे इंचाचा ३०३ हजारांश, त्यांच्या भाषेत ३०३ थाउ. ८ मिलिमीटरला २५.४ ने भागलं की .३१५ येतं. हे नळीच्या छिद्राचं माप. दोन्हींत फरक फक्त १२ थाउचा. मालक लगेच म्हणाले, "मग दोन मापं ठेवलीच कशाला?"

याचं उत्तर जंगलात नाही, कचेरीत आहे. १८५७ नंतर इंग्रजांना सगळ्यात मोठी धास्ती होती ती लोकांच्या हातातल्या बंदुकीची. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा झाला. पुढे आणखी एक काळजी लागली : परवान्याच्या बंदुकीत फौजेची काडतुसं बसली तर? १९०७ मध्ये .४५० बोअरवर हिंदुस्थानात बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री फौजी रायफलीचं माप तेच होतं. वाघ-गव्यांच्या शिकारीसाठी .४५० वापरणारे साहेब अडचणीत आले आणि इंग्लंडच्या बंदूककारांनी .४६५, .४७० अशी शेजारची मापं बाजारात आणली. रानातला गवा तोच होता, बदललं ते सरकारी कागदावरचं माप.

.३०३ चंही तेच झालं. ती फौजेची गोळी, म्हणून सामान्य माणसाला बंद. तिच्या जागी ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं ८ मिलिमीटरचं काडतूस आलं आणि बीएसए कंपनीने ली-एनफिल्डच्या धाटणीच्या शिकारी रायफली त्या मापात बनवल्या. हीच आपली थ्री-वन-फाइव्ह. स्वातंत्र्यानंतर ती इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनू लागली. तिची काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकी कारखान्याची, १८६९ पासूनचा हा कारखाना. पेंदावर 'केएफ' कोरलेलं असतं. १९५९ चा नवा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम आले, त्यातही .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर मनाई बोअरच्या यादीतच राहिले. गोरा साहेब गेला, पण त्याची काळजी आपण जपून ठेवली. फौजी म्हणून मला ती अगदीच चुकीची वाटत नाही.

आता हरणाकडे येऊ. सांबराचा मोठा नर दोनशे किलोच्या पुढे जातो, चितळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. दोघांनाही .३०३ पुरते आणि .३१५ ही पुरते. खरा फरक पडतो गोळीच्या टोकाने. फौजेची गोळी पूर्ण कवचाची, ती आरपार जाते. शिकारीची मऊ टोकाची, ती आत शिरून पसरते, म्हणजे जनावर लवकर सुटतं. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात अशीच गोळी माणसांवर वापरण्यासाठी बनली आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात तिला मनाई झाली. माणसावर जी क्रूर ठरली, तीच हरणासाठी दयेची.

तरी टोकाहून मोठी गोष्ट आहे नेम. जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो .२७५ रिग्बीने, म्हणजे .३०३ पेक्षा लहान मापाने. याच बंगळुरूचे केनेथ अँडरसन .४०५ विंचेस्टर वापरायचे. मापं वेगळी, पण दोघांचा भर जागेवर गोळी लागण्यावर.

हे ऐकून मालक थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "वडिलांनी एका सांबरिणीवर बार टाकला होता. गोळी मऊ टोकाचीच होती, पण पोटात लागली. रात्रभर रक्ताच्या मागावर फिरले. सकाळी सापडली तेव्हा जिवंत होती. त्यानंतर बाबांनी शिकार सोडली. रायफल मात्र दर दसऱ्याला पुसायचे."

शिकार पुढे कायद्यानेही गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्याची वाट शिल्लक होती, १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. म्हणजे 'हरणासाठी कुठलं बोअर' या प्रश्नाला आपल्या देशात आज उत्तर एकच : कुठलंच नाही.

उरला कागदी निशाणा. इथे राज्य .२२ चं. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. .३०३ ची ऊर्जा तिच्या साधारण वीसपट. पण ५० मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथे ताकदीचा उपयोग नाही. खांद्याला धक्का नाही, म्हणून चूक लपत नाही. श्वास कुठे सुटला, ट्रिगर कुठे झटकला, सगळं कागदावर उमटतं. मीही एनसीसीत .२२ वरच शिकलो. पुढे इन्सास हातात आली तेव्हा उस्तादाचं ओरडणं निम्म्याने कमी झालं.

आणखी एक गोष्ट सांगितली. कोल्हापूरच्या राजांचं शिकारीचं रान दाजीपूरला, राधानगरी तालुक्यात. १९५८ मध्ये तिथे अभयारण्य झालं. त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं, .२२ वर. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. जिथे बंदूक सांबरासाठी निघायची, त्या मुलखाने असं नाव काढलं.

मालकांना सरळ सांगितलं, "पोरीला आधी १० मीटरची एअर रायफल, हात बसला की .२२. थ्री-वन-फाइव्हचा धक्का नवख्याला डोळे मिटायला शिकवतो. आणि वापर नसलेलं हत्यार वाढत्या लेकरांच्या घरात नको."

"पण बाबांची आठवण आहे, साहेब."

"बाबांची आठवण त्या सांबरिणीच्या गोष्टीत आहे. ती पोरीला सांगा. नेम का धरायचा ते तिला त्यातून कळेल."

परवा फोन आला. रायफल जमा करण्याचा अर्ज दिलाय. पोरगी रविवारपासून रेंजवर जाते. पहिल्या दिवशी दहा गोळ्यांतल्या चार कागदालाच लागल्या नाहीत. मी म्हटलं, माझ्या पहिल्या दिवशी सहा लागल्या नव्हत्या.

जय हिंद.