भाकरी, कष्ट आणि गोळी

आरोग्य ही ज्याची त्याची खासगी मिळकत आहे, असे आपण सहसा गृहीत धरतो. मधुमेह जडला की साखरेला दोष द्यावा, हृदयविकार झाला की तुपाला आणि अशक्तपणा जाणवला की टॉनिकची बाटली आणावी, एवढ्यावर आपला विचार थांबतो. परंतु देहालाही इतिहास असतो. तो आईच्या ताटापासून सुरू होतो आणि पुढे गावाच्या इतिहासात मिसळतो. गेल्या सत्तर वर्षांतील पुणे जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे या विधानाची सत्यता पटते.

इंद्रायणीच्या काठी, देहूच्या शेजारी वसलेले तळवडे हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. या परिसराचे जेवण म्हणजे बाजरी-ज्वारीची भाकरी, कालवण, हंगामातील पालेभाजी आणि दुभते असेल त्या घरी ताक. चालणे, वाकणे, ओझे वाहणे यांस कोणी व्यायाम म्हणत नसे. ते जगणेच होते. १९५४ साली जवळच पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली आणि १९९७ मध्ये तळवडे तिच्या हद्दीत आले. आज तेथे संगणक कंपन्यांच्या इमारती आहेत. जंतूंवर मात करणारे औषध ज्या पट्ट्यात तयार झाले, तेथेच पुढे जंतूंविना होणाऱ्या रोगांनी बस्तान मांडले.

हे कशामुळे घडले? ‘बैठे काम आणि चमचमीत खाणे’ हे उत्तर खरे आहे. मात्र ते अपुरे आहे.

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका प्रत्येक नवजात बालकाचे वजन वहीत टिपून ठेवीत. त्या जुन्या वह्या डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. जन्मतः वजन कमी असलेल्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळतात, असे त्यांनी १९८९ साली दाखवून दिले. प्रौढपणीच्या रोगाचे मूळ गर्भाशयातही असू शकते, हा विचार तेव्हा अनेकांना धक्कादायक वाटला.

पुण्यात या विचाराला अनुकूल भूमी मिळाली. डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली येथील के. ई. एम. रुग्णालयाने पूर्वीच खेड्यापाड्यांत आरोग्यसेवा नेली होती. त्या लोकसेवेबद्दल १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी या रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्या चमूने पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरील सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. त्या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन होते अवघे ४२ किलो! त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. परंतु ही चिमुकली बाळे नुसती कृश नव्हती. त्यांच्या अंगी स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

या अभ्यासाचे दोन निष्कर्ष आपल्या घरांना विशेष लागू पडतात. पहिला आहाराविषयी. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. नुसते पोट भरणे पुरेसे नव्हते. ताटात काय आहे हेही महत्त्वाचे होते. दुसरा निष्कर्ष कष्टांविषयी. गरोदरपणात ज्यांना शेतातील आणि पाणी वाहण्यासारखी कामे अधिक करावी लागली, त्यांच्या बाळांचे वजन कमी भरले. ‘कष्टाने शरीर कणखर होते’ असे आपण बायकांना किती सहजपणे सांगतो! पोटभर जेवून स्वेच्छेने केलेला व्यायाम आणि अर्धपोटी उपसलेले कष्ट ही एक गोष्ट नव्हे.

मग व्यायामाचे मोल कमी आहे काय? मुळीच नाही. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्येच लंडनच्या बसगाड्यांचा दाखला दिला होता: दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असे. २००४ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच; पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. आपला व्यायाम मात्र लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठण्यापुरता, अशी याज्ञिकांची मिस्कील नोंद! आपला काटा समाधानकारक वजन दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नये, हा त्यातील बोध.

आता गोळीविषयी. १९७० पासून शासनाने गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या पुरविल्या. त्या आवश्यकच होत्या. परंतु या सहा खेड्यांतील सुमारे दोनतृतीयांश मातांत उणीव होती ती जीवनसत्त्व ब-१२ ची. फॉलेटची उणीव जवळजवळ नव्हतीच. ब-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. पुणे परिसरातील ४४१ पुरुषांच्या तपासणीतही (२००६) ६७ टक्क्यांत ते कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत! म्हणजे ही केवळ गरिबांची व्यथा नव्हे. २००८ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. ज्या मातांत फॉलेट भरपूर आणि ब-१२ अपुरे होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. यावरून कोणी फॉलिक आम्ल टाकून देऊ नये; बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष त्यामुळे टळतात. अर्थ एवढाच की, उणीव कशाची आहे हे पाहूनच गोळी द्यावी.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात केलेल्या प्रयोगात गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांना पालेभाजी, फळे आणि दूध यांपासून केलेला खाऊ रोज देण्यात आला. एकंदरीत बाळांचे वजन फारसे वाढले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आले. आणि त्या सहा खेड्यांत १९९३ नंतर जन्मलेली बाळे वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांना दिवसाला केवळ २ मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन पुढच्या पिढीचे आरोग्य सुधारते का, हे पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. काल ज्यांना तराजूत तोलले, तेच आजचे आईबाप!

वाचकहो, या इतिहासाचा क्रम ध्यानी घ्यावा. आधी ताट, मग चालणे-फिरणे आणि तपासणीत उणीव दिसली तर वैद्याच्या सल्ल्याने गोळी. आपण नेमका उलटा क्रम लावतो. पन्नाशीत साखर वाढल्यावर पुरुष पहाटे फिरायला निघतो. त्याच घरात सून सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाते आणि वयात आलेल्या मुलीच्या वाट्याचे दूध भावाच्या पेल्यात जाते. येणाऱ्या पिढीचा मधुमेह तेथेच वाढून ठेवलेला असतो. तो टाळायचा असेल तर घरातील मुलीचे आणि सुनेचे ताट आधी वाढावे, आणि त्यात दूध, पालेभाजी व फळ आहे की नाही हे पाहावे. त्यासाठी कोणतेही टॉनिक विकत आणावे लागत नाही.